सिस्टरने सुचवलेलं नाव

ते साल एकोणीसशे एक्याऐंशी. सिस्टर ते विसरू शकत नाही, कारण त्या वर्षी तिला चष्मा लागला आणि मास्तरणीने चष्मा न लावता सही केली. सही केली ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सकाळी साडेआठच्या सुमाराला, एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून. ‘कुठे करू?’ तिने विचारलं. ‘इथे, खाली,’ सिस्टर म्हणाली. मास्तरणीने ओला हात पदराला पुसला, पेन घेतलं आणि उभ्या उभ्या सही ठोकली. ‘अगं, वाच तरी.’ ‘तू आणलंयस ना,’ मास्तरीण म्हणाली आणि दुधाकडे धावली. कागदावर वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. निवडून दिल्यास सभागृहाच्या अध्यक्षपदाचं काम करायची माझी तयारी आहे, अशा अर्थाच्या दोन ओळी, वर सुचवणाराचं नाव, खाली अनुमोदकाचं. तरीसुद्धा सिस्टरच्या छातीत काहीतरी हललं. जिना उतरताना अजून एक पायरी असेल असं धरून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसं. कारण ही बाई पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी, बसच्या तिकिटामागची सूचना वाचून त्यातली चूक कंडक्टरला दाखवणारी. नऊ वर्षं एका बाकावर शेजारी बसून सिस्टरने तिला न वाचता सही करताना कधी पाहिलं नव्हतं. तिने कागदाची घडी घातली, ती सरळ आली नाही म्हणून पुन्हा घातली, आणि पर्स बंद केली. पर्सच्या चापाचा आवाज त्या स्वयंपाकघरात जरा मोठाच झाला.

दोघी एकाच निवडणुकीत निवडून आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर सदस्यांत दोनच बायका, त्यामुळे त्यांना एकच बाक दिला गेला, खिडकीजवळचा, जिथे दुपारी ऊन डोळ्यांवर यायचं. एक शाळेत शिकवून आलेली, दुसरी सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स. सभागृहाने पहिल्याच आठवड्यात त्यांची नावं टाकून दिली आणि एकीला मास्तरीण, दुसरीला सिस्टर करून टाकलं. पण ओळख त्याआधीची. पाटीवरच्या पेन्सिली बनवणारं एक गाव होतं. दगड करवतीवर कापायचा, कोरडाच, आणि पांढरी धूळ सगळ्या गावावर बसायची. झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, करवतीवर बसणाऱ्या माणसांच्या पापण्यांवर. ती माणसं तिशीत दवाखान्यात यायची आणि सत्तरीच्या म्हाताऱ्यासारखी बसून श्वास घ्यायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. डॉक्टर केसपेपरवर क्षय लिहायचे. क्षय लिहिला की पुढचं काही लिहावं लागत नाही. सिस्टरला ठाऊक होतं की हा क्षय नव्हे. पण नर्सने ठाऊक असून काय करायचं असतं? एके दिवशी दुपारी शाळेतली एक बाई काखेत जाडजूड रजिस्टर मारून थेट वॉर्डात शिरली आणि म्हणाली, ‘सिस्टर, या बापांना काय झालं होतं, ते मला सांगाल का?’ शाळेत नाव घालताना बाप हयात की मयत ते लिहायचा रकाना असतो. तिच्या एका वर्गात बेचाळीस मुलं होती आणि एकोणतीस रकान्यांत मयत लिहिलेलं होतं. त्या दोघी चादरींच्या खोलीत जमिनीवर बसल्या. एकीच्या मांडीवर शाळेचं रजिस्टर, दुसरीच्या मांडीवर वॉर्डाचं बुक. एक नाव वाचायची, दुसरी शोधायची. संध्याकाळपर्यंत सगळी सापडली. चादरींना येतो तो सोड्याचा वास सिस्टरला आजही आला की नावं ऐकू येतात.

मग निवडणूक, मग सभागृह. पहिल्याच भाषणात मास्तरणीने पिशवीतून पाटी काढली आणि माइकजवळ धरून तिच्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढली. तो आवाज. सगळ्या सभागृहाने दात आवळले, एकाने कानांवर हात ठेवले. ‘हा आवाज तुम्हाला एकदा सोसवत नाही,’ ती वर्गावरच्या आवाजात म्हणाली, ‘माझ्या मुलांच्या बापांनी तो दिवसाचे दहा तास ऐकलाय, आणि तो थांबला तेव्हा तेही थांबले.’ दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पाटी होती. मास्तरीण दर भाषणात म्हणायची, हे मला माझ्या मैत्रिणीने सांगितलं, तिने ही माणसं हाताळलीत. बातमीदार तेवढं वाक्य गाळायचे. त्यांचंही चुकत नव्हतं, जागा कमी असते. सिस्टर हसायची. फोटोत कधी तिचा खांदा असायचा, कधी नुसती बाकावर ठेवलेली पर्स. मत्सर म्हणावा इतकं काही ते मोठं नव्हतं. चपलेत शिरलेला खडा असतो ना, चालता येतं, लोकांत चप्पल काढून झटकता येत नाही, तेवढंच. पण त्या खड्यासकट ती नऊ वर्षं चालली.

जुने अध्यक्ष जेवून उठताना वारले आणि खुर्ची मोकळी झाली. त्याच अधिवेशनात मास्तरणीचं विधेयक यायचं होतं: करवतीवर पाणी सोडलंच पाहिजे, आणि वर्षाला एकदा प्रत्येकाची छाती तपासलीच पाहिजे. साहेबांनी सिस्टरला बोलावून घेतलं. साहेब म्हणजे मुख्यमंत्री. सगळ्यात मोठा पेन्सिल कारखाना ज्यांचा, ते साहेबांचे व्याही. ‘बसा, बाई. चहा घ्या,’ साहेब म्हणाले. ‘मास्तरीणबाईंना आपण मोठं करायचं म्हणतोय. खुर्चीवर बाई बसली, हे कुठे झालंय आजवर? नाव तुम्ही सुचवलंत तर त्या नाही म्हणायच्या नाहीत.’

‘आणि त्यांचं विधेयक?’

‘विधेयक काय पळून जातंय? अध्यक्षाने बोलायचं नसतं, एवढंच. दुसरं कोणी मांडेल. तुम्ही मांडा.’ साहेबांनी कप खाली ठेवला. ‘तुम्हाला तरी कधी बोलायला मिळालं, बाई?’

ते इतकं सहज म्हणाले, की खडा त्यांनी कधी पाहिला ते तिला कळलं नाही. मग तिच्या चहात साखर कमी आहे का, अशी चौकशी झाली. मग ते म्हणाले की आरोग्य खात्यात एक बाई असावी, असं त्यांना फार दिवस वाटतंय. सिस्टर चहा प्याली. साखर बरोबर होती.

तिथून ती सभागृहाच्या सचिवांकडे गेली. अर्ज तिथेच मिळायचा. सचिव म्हणजे कागदासारखा माणूस, बारीक, पांढरा, कडा कुठेही न मुडपलेला. टाचण्या एका दिशेने लावत बसले होते. तिने अर्ज घेतला, आणि निघता निघता विचारलं, विधेयकावर मतं सारखी पडली तर काय होतं? अध्यक्ष निर्णायक मत देतात, ते म्हणाले. म्हणजे त्यांना वाटेल तसं ना? सचिव तोंड न उघडता हसले. ‘तसं नाही, सिस्टर. ते मत खरं तर त्यांचं नसतंच. जे आहे ते तसंच राहू द्यायचं, अशी प्रथा आहे. सारखी मतं पडली म्हणजे सभागृहाने बदल मागितलेला नाही.’ कुठल्या नियमात आहे हे? ‘नियमात नाही. छापलेलं कुठेच नाही. मला माझ्या आधीच्या सचिवांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.’ आणि मोडली तर? ‘आजवर कोणी मोडली नाही,’ सचिव म्हणाले, आणि त्यांनी एक वाकडी टाचणी वेगळी काढून ठेवली. सिस्टर जिना उतरली. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला सांगत आली, की आपल्याला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. आता वय असं आहे की स्वतःशी खोटं बोलायलाही दम लागतो. तिला पहिल्या झटक्यात कळलं होतं.

म्हणून तर त्या स्वयंपाकघरात, सहीच्या आधी, मास्तरीण जेव्हा म्हणाली, ‘आणि माझ्या पेन्सिलींचं काय गं? खुर्चीवर गप्प बसून मी काय करू, लोणचं घालू त्या विधेयकाचं?’, तेव्हा सिस्टरने उत्तर तयार ठेवलं होतं. ‘विधेयक मी मांडते. आणि मतं सारखी पडली तर निर्णायक मत तुझंच.’ मास्तरणीचा चेहरा उजळला. नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ. ‘नियम चौसष्ट,’ ती म्हणाली. ‘हो गं. माझ्या लक्षातच नाही आलं. म्हणजे शेवटची घंटा माझ्याच हातात.’ सिस्टरने पर्स उघडून अर्ज टेबलावर ठेवला. जे छापलेलं आहे ते मास्तरणीला सगळं ठाऊक होतं, आणि जे छापलेलं नाही ते असू शकतं, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. आयुष्यभर पुस्तकावरून शिकवणाऱ्या माणसाचीच ही चूक. सिस्टरच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते ह्यानेच. खोटं बोलली असती, तर निदान कबूल करायला हातात काहीतरी असतं.

भाषण तिने घरी बसून लिहिलं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्या पुढल्या खोलीतच त्याचं टेबल होतं. ती मोठ्याने वाचून दाखवायची, तो भिंग डोळ्याला लावून, मान न उचलता ऐकायचा. पहिल्या पानावर काही नव्हतं, सगळे म्हणतात ते निःपक्षपाती, अभ्यासू, कणखर. दुसऱ्या पानाच्या शेवटी ती वाचत होती: ‘या खुर्चीवर बसल्यावर त्यांच्या स्वतःच्या काळजाचा तुकडा समोर आला, तरी या सभागृहाची एकही प्रथा त्या मोडणार नाहीत, याची हमी मी देते.’ टेबलावरची टकटक थांबली. ‘हे कशाला घातलंस?’ नवऱ्याने विचारलं. ‘शोभतं,’ ती म्हणाली. ‘हं,’ तो म्हणाला, आणि पुन्हा चिमटा उचलला. ते वाक्य साहेबांनी सांगितलं नव्हतं. सचिवांनीही नाही. कोणीच मागितलं नव्हतं. ते कुठून आलं, ह्याचा शोध घ्यायला ती अनेकदा त्या दुपारपर्यंत परत जाते. खोलीत वीस-पंचवीस घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवताहेत, पेन चालू आहे, शाई निळी आहे, वाक्य येतं. वाक्याच्या मागे जाऊन पाहावं तर तिथे कोणी नसतं. फक्त एक समाधान असतं, जखमेवरची पट्टी नीट बसली की नर्सला वाटतं तसलं.

भाषण गाजलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सिस्टरसाठी बाकं वाजली. त्या सभागृहात अशी रीत होती, की नाव सुचवणाराने नव्या अध्यक्षाला दंडाला धरून खुर्चीपर्यंत न्यायचं. तिने मास्तरणीचा दंड धरला. हात इतका बारीक झालाय हे तिला माहीत नव्हतं. कोपराच्या आतल्या बाजूला बोटं गेली आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने नाडी सापडली, शंभराच्या वर. ‘माझी चप्पल करकरतेय गं,’ मास्तरीण ओठ न हलवता म्हणाली. ‘करकरू दे. आता तुला कोण बोलणार?’ ‘मेले हसतील.’ ‘त्यांना बाहेर काढ, तुझ्या हातात आहे आता.’ मास्तरणीला खुदकन हसू आलं, ते तिने पायऱ्या चढता चढता गिळलं. त्या दहा-बारा पावलांइतक्या त्या दोघी जवळ कधीच नव्हत्या, आणि पुन्हा कधी झाल्या नाहीत. खुर्चीवर बसून मास्तरणीने आभार मानले. फार बोलली नाही. ‘माझ्या मैत्रिणीने माझ्या वतीने या सभागृहाला एक हमी दिली आहे,’ ती म्हणाली. ‘ती मी पाळीन.’ या वेळी बातमीदारांनी मैत्रीण गाळली नाही.

चाळीस दिवसांनी जुन्या अध्यक्षांची जागा पोटनिवडणुकीत भरली, सभागृह पुन्हा अठ्ठ्याहत्तरांचं झालं, आणि सिस्टर आरोग्य खात्याची उपमंत्री झाली. मंत्र्याला असं, सदस्याने स्वतःच्या नावावर आणायचं खाजगी विधेयक मांडता येत नाही, ही गोष्ट मात्र नियमात छापलेली होती. मास्तरणीने ती वाचलेली असणारच. पण तिच्याकडून निरोप आला नाही. विधेयक विरोधी बाकावरच्या म्हाताऱ्या वकिलाकडे गेलं. तो एका कानाने ठार बहिरा आणि बोलायला अगदी पुळचट. साहेब निर्धास्त होते. इतके की त्यांनी उदारपणे जाहीर केलं, या विषयावर ज्याने त्याने आपल्या मनाला पटेल तसं मत द्यावं. पण वकिलाने कसलंच भाषण केलं नाही. तो उभा राहिला, खिशातून पाटीचा एक तुकडा काढला आणि अध्यक्षांकडे पाहून म्हणाला, ‘परवानगी असावी.’ अध्यक्षांनी मान हलवली. वकिलाने रेघ ओढली. सिस्टर मंत्र्यांच्या बाकावरून पाहत होती. सगळ्यांनी दात आवळले, आणि खुर्चीवर मास्तरणीने डोळे मिटून घेतले.

मतदानाची घंटा वाजायच्या जरा आधी सिस्टर बाहेर आली. व्हरांड्यात साहेब कोणाशी तरी बोलत उभे होते. तिला पाहून म्हणाले, ‘तुमचं तुम्ही बघा, बाई.’ दुसरं काही नाही. ती बायकांच्या स्वच्छतागृहात गेली. ते त्या दोघींसाठीच बांधलेलं होतं, जिन्याखाली, अंधारं. तिने नळ सोडला. घंटा सुरू झाली. घंटा दोन मिनिटं वाजते, मग दारं बंद होतात आणि आतला आत, बाहेरचा बाहेर. नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं, साबण कोपरापर्यंत लावायचा, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, आणि साठपर्यंत मोजायचं. तिने साठ मोजले. हात स्वच्छ होते, धुण्यासारखं हातांवर काही नव्हतंच. बाजूने मत दिलं तर साहेब विसरणार नाहीत, विरुद्ध दिलं तर चादरींची खोली विसरणार नाही. बाहेर राहिलं तर कोणीच काही म्हणणार नाही, एका मताने काय होतंय? असा विचार तिने केला का? तिला आठवतं ते पाणी, थंडगार, आणि आपण पुन्हा एकपासून मोजायला लागलो ते. घंटा थांबली. वरच्या मजल्यावर दारांच्या कड्या पडल्या.

व्हरांड्यात भिंतीवर एक पेटी होती, तिच्यातून सभागृहातला आवाज ऐकू यायचा. सिस्टर ओल्या हातांनी तिच्याखाली उभी राहिली. सचिवांचा आवाज आला. बाजूने अडतीस. विरुद्ध अडतीस. अठ्ठ्याहत्तरांतली एक खुर्चीवर आणि एक नळापाशी. पेटीत खरखर झाली, मग सचिवांची कुजबुज, शब्द न कळणारी, पण ती काय आहे ते जगात दोनच माणसांना आधीपासून ठाऊक होतं, सचिवांना आणि तिला. मग मास्तरणीचा आवाज, मोठा, वर्गावरचा. ‘हे कुठे लिहिलेलं आहे?’ पुन्हा कुजबुज. मग काहीच नाही. सिस्टर मोजत होती, तिला मोजायचं नव्हतं, पण नर्सला शांततेत मोजायची सवय असते. मोड गं, ती मनात म्हणाली. मोड ती मेली प्रथा, सांग की मी मानत नाही, माझ्या नावाने खडे फोड, पण मोड. एकेचाळीसला आवाज आला. ‘या खुर्चीच्या वतीने सभागृहाला एक हमी दिली गेली आहे. अध्यक्षांचं मत विरुद्ध. विधेयक नामंजूर.’

दारं उघडली, माणसं बोलत बाहेर पडली. आधी मास्तरणीच्या चपलेची करकर ऐकू आली, मग ती आली. सिस्टरसमोर थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. गणित चुकलं आणि कुठल्या ओळीत चुकलं तेही सापडलं, की चेहरा होतो तसा होता. ‘हात ओले आहेत तुझे,’ ती म्हणाली. कमरेचा रुमाल काढून तिने पुढे केला. ‘पूस.’ सिस्टरने रुमाल घेतला. मास्तरीण करकरत निघून गेली.

त्यानंतर तीन वर्षं मास्तरीण त्या खुर्चीवर होती. सिस्टर बोलायला उभी राहिली की ती म्हणायची, माननीय उपमंत्री. सिस्टर म्हणून हाक तिने पुन्हा मारली नाही.

साहेब आणखी दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले, आणि आता एका चौकात उभे आहेत, एक हात पुढे करून. व्याह्यांचा कारखाना पुढे अकरा वर्षं चालला आणि मग बंद पडला. कायद्याने नाही. मुलांनी पाट्या वापरणं सोडलं म्हणून. त्या अकरा वर्षांत करवतीवरची किती माणसं गेली, ते मोजायचा अधिकार पहिली काही वर्षं सिस्टरच्या खात्याकडे होता. मोजणी झाली नाही. केसपेपरवर क्षयच लिहिला गेला. वकिलाचा दुसरा कानही गेला. त्याला कोणी काही विचारलं की तो नुसता मान हलवायचा. सचिवांनी निवृत्त झाल्यावर सभागृहाच्या प्रथांचं पुस्तक लिहिलं. ते सगळं शेवटी छापलं गेलं. त्या प्रथेखाली त्यांनी एकच उदाहरण दिलंय, एक्याऐंशी सालचं. घड्याळवाल्याने बायकोला त्या वाक्याबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाही, आणि तो गेला तेव्हा तिला त्याचीच जास्त भीती वाटली, की तो न विचारताच गेला.

मास्तरीण आपल्या पेन्सिलींच्या गावी परत गेली, घराच्या पडवीत मुलांना शिकवत राहिली, आणि नव्व्याण्णव साली वारली. पोचवायला तिच्या त्या बेचाळिसांपैकी बरेच जण आले होते, म्हणे. सिस्टर गेली नाही, तिला कोणी कळवलं नव्हतं. सभागृहाच्या व्हरांड्यात आता मास्तरणीचं तैलचित्र आहे. खाली पितळी पट्टीवर ते वाक्य कोरलंय, काळजाच्या तुकड्यापासून हमीपर्यंत सगळं, आणि त्याखाली सिस्टरचं नाव.

सिस्टर मुलाकडे असते. रुमाल कपाटात आहे, धुतलेला, इस्त्री केलेला. तो कोणाला परत द्यायचा, हा प्रश्न राहून गेलाय. दिवसातून चार-पाचदा ती मोरीत हात धुवायला जाते आणि बराच वेळ येत नाही. ‘आई, नळ बंद करा की, किती पाणी चाललंय,’ सून बाहेरून म्हणते. ‘झालंच गं,’ ती म्हणते. पण व्हायचं असतं कुठे? साठपर्यंत ती आता पोचतच नाही. एकेचाळीसला थांबते आणि ऐकत उभी राहते.